पाहणीतून पडद्यावर

१९३३ साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरातील आपला सारा सरंजाम आवरून पुण्यास आली आणि एरंडवण्याच्या त्या काळच्या ओसाड माळावर तिने आपला कारखाना मांडला, तेव्हापासून या शहराच्या जमाखर्चात सिनेमा हे एक कायमचे खाते होऊन बसले आहे. याच आवारात सिद्ध झालेल्या ‘संत तुकारामा’चा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला, पुढे भागीदार एकेक करून दुरावले, १९५३ साली कंपनी मिटली, १९६० साली केंद्र सरकारने त्याच जागेत चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था काढली, आणि १९६४ साली त्याच परिसरात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही उभे राहिले. ज्या गावात चित्रपट निर्माण करण्याची, शिकवण्याची आणि जतन करण्याची अशी तिहेरी व्यवस्था एका हाकेच्या अंतरावर आहे, त्या गावातून उद्या कोणी मुंबईच्या बाजाराचा मिंधा नसलेला दिग्दर्शक निघालाच, तर तो या आवाराच्या फाटकातूनच बाहेर पडेल, अशी अपेक्षा कोणीही केली असती. परंतु ज्या बाईंच्या कर्तृत्वाची ही हकीकत आहे, त्या या फाटकातून आल्या नाहीत. त्या आल्या झोपडपट्टीच्या बोळातून, आणि येताना त्यांच्या हातात पाहणीची वही होती.

सुमित्रा भावे यांचा जन्म १२ जानेवारी १९४३ रोजी पुण्यातच झाला. आगरकर हायस्कूल, फर्ग्युसन महाविद्यालय, पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र या विषयांचे पदव्युत्तर शिक्षण, त्यानंतर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतून ग्रामीण कल्याणाची पदविका, असा हा सगळा मार्ग त्या पिढीतील एखाद्या हुशार, मध्यमवर्गीय, ध्येयवादी पुणेकर मुलीचाच मार्ग होता, आणि त्यात सिनेमाचे स्थानक कोठेही नव्हते. त्यांनी कर्वे समाजसेवा संस्थेत दहा वर्षे अध्यापन केले. काही काळ दिल्लीच्या आकाशवाणीवरून मराठी बातम्या वाचल्या. ज्या वयात सामान्य माणूस आपण निवडलेल्या वाटेचा हिशेब मांडू लागतो, त्या वयापर्यंत, म्हणजे बेचाळिसाव्या वर्षापर्यंत, त्यांनी एकही चित्रपट केलेला नव्हता.

मग हे घडले कसे? या प्रश्नाशी थोडे थांबले पाहिजे, कारण पुढच्या पस्तीस वर्षांची किल्ली येथे आहे. पुण्यातील ईशवाणी केंद्राच्या आश्रयाने ‘स्त्रीवाणी’ या नावाचा एक संशोधन-प्रकल्प चालू होता आणि त्याची सूत्रे सुमित्राबाईंकडे होती. शहराच्या वस्त्यांतून राहणाऱ्या कष्टकरी स्त्रियांकडे जायचे, त्यांच्या तोंडून त्यांचे आयुष्य ऐकायचे, ते टिपून घ्यायचे आणि त्यातून काही निष्कर्ष काढायचे, असे त्या कामाचे स्वरूप होते. आता अशा पाहण्यांचे पुढे काय होते, हे ज्यांनी सरकारी वा निमसरकारी दप्तरांशी थोडाबहुत संबंध ठेवला आहे त्यांना सांगावयास नको. अहवाल इंग्रजीत लिहिला जातो, त्याच्या प्रती दहा ठिकाणी रवाना होतात, परिषदेत त्यावर एक निबंध वाचला जातो, आणि ज्या बाईने आपल्या घरातली लाज आणि आपल्या अंगावरचे वळ एका परक्या सुशिक्षित बाईसमोर उघडे केले, तिच्या पदरात त्यातले काहीही परत पडत नाही. कारण तिला वाचता येत नाही, आणि येत असते तरी तो अहवाल तिच्यासाठी लिहिलेला नसतो. ज्यांच्याविषयी हे संशोधन आहे त्यांना ते परत कसे करावे, ही सुमित्राबाईंची अडचण होती. ही अडचण नैतिक होती, कलेची नव्हती. आणि तिचा उलगडा करताना त्यांना सुचलेले साधन म्हणजे चित्रपट. निरक्षर माणसाला जे वाचता येत नाही ते पाहता येते, आणि स्वतःसारखे कोणी पडद्यावर दिसले म्हणजे त्याला आपल्या दुःखाकडे हातभर अंतरावरून बघता येते, एवढाच त्यांचा प्राथमिक विचार होता.

तो विचार १९८५ साली ‘बाई’ या लघुपटात उतरला. झोपडपट्टीत राहणाऱ्या, नवऱ्याच्या मारझोडीला आणि दारिद्र्याला तोंड देत उभ्या राहणाऱ्या स्त्रीची ती कथा. कॅमेरा, भिंग, संकलनाचे टेबल यांपैकी कशाचेही रीतसर शिक्षण न घेतलेल्या बाईंच्या या पहिल्याच कृतीला कुटुंबकल्याण या विषयावरील सर्वोत्कृष्ट लघुपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुरस्काराने त्यांचा आत्मविश्वास वाढला असणारच. पण आम्हांस त्याहून महत्त्वाची वाटते ती गोष्ट ही, की तंत्राचे अज्ञान त्यांना आड आले नाही, कारण जे दाखवायचे त्याचे ज्ञान त्यांच्यापाशी भरपूर होते. आपल्याकडे बहुधा याच्या उलट होते.

‘बाई’च्या कामात त्यांच्या हाताखाली एक विशीही न ओलांडलेला तरुण होता. सुनील सुकथनकर त्याचे नाव. पुढे त्याने एरंडवण्याच्या त्या फाटकातून आत जाऊन दिग्दर्शनाचे शास्त्र रीतसर आत्मसात केले, आणि बाईंचा सहायक होता तो बरोबरीचा सहदिग्दर्शक झाला. वयाने एका पिढीचे अंतर असलेल्या दोन माणसांनी एकाच कलाकृतीवर दोघांची नावे लावून तीन दशकांहून अधिक काळ काम करावे, हे कलेच्या क्षेत्रात, जेथे दोन भाऊ एका संस्थेत पाच वर्षे नांदत नाहीत तेथे, खरोखर विरळा म्हटले पाहिजे. कथा, पटकथा आणि संवाद हा बहुशः सुमित्राबाईंचा प्रांत, गीते सुनीलची, आणि दिग्दर्शन दोघांचे. ‘विचित्र निर्मिती’ असे त्यांनी आपल्या संस्थेला नाव दिले. पन्नासांहून अधिक लघुपट या दोघांच्या नावावर आहेत. पाण्यासाठी धडपडणाऱ्या गावातल्या स्त्रियांवरच्या ‘पाणी’ (१९८७) या लघुपटालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला; ‘चाकोरी’ (१९९२) मध्ये नवऱ्याने टाकलेली एक खेड्यातली मुलगी सायकल चालवायला शिकते. या ‘चाकोरी’ची मौज अशी, की बंडाची भाषा त्यात फारशी नाही, दोन चाकांवर तोल सांभाळण्याचा तो खटाटोपच सारे बोलून जातो.

दहा वर्षे अशी लघुपटांची उमेदवारी झाल्यावर १९९५ साली ‘दोघी’ हा त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट आला. लग्नाच्या दिवशीच नवऱ्या मुलावर आणि वऱ्हाडावर काळाने घाला घालावा, त्या धक्क्याने मुलीचा बाप लुळा पडावा, आणि गावाने त्या मुलीलाच अपशकुनी ठरवावे. मग घर जगवण्यासाठी आईने तिला मामाबरोबर मुंबईला पाठवावे, तेथून तिने धाडलेल्या पैशांवर घर उभे राहावे, आणि धाकट्या बहिणीच्या लग्नाला ती परत आली म्हणजे त्याच घराला तिचा विटाळ व्हावा, असे हे कथानक आहे. रेणुका दफ्तरदार आणि सोनाली कुलकर्णी या दोन बहिणी, उत्तरा बावकर आई आणि सदाशिव अमरापूरकर मामा. सामाजिक प्रश्नावरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार ‘दोघी’ने मिळवला. त्याला भांडवल पुरवले ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने आणि दूरदर्शनने.

येथे ‘स्वतंत्र’ या शब्दाविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. स्वतंत्र दिग्दर्शक म्हटला, की कोणाचेही न ऐकणारा, घरदार गहाण टाकून आपले स्वप्न रेखाटणारा एखादा कलंदर लोकांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. सुमित्राबाईंचे स्वातंत्र्य या जातीचे नव्हते. त्या मुंबईच्या सावकारापाशी गेल्या नाहीत हे खरे, पण पैशावाचून चित्रपट होत नाही हे त्यांनाही चुकले नव्हते. तेव्हा एका मातब्बर धनकोच्या दारी जाण्याऐवजी त्यांनी अनेक लहान दारे ठोठावली, आणि ज्याला विषयाची निकड आहे त्याच्याकडूनच विषयाचा खर्च मागितला. कधी सरकारी महामंडळ, कधी एखादा धर्मादाय विश्वस्तनिधी, कधी एखाद्या व्याधीने गांजलेल्या माणसांनीच काढलेली संघटना. बाईंची समाजशास्त्रातील उमेदवारी येथे उपयोगी पडली. निधी देणाऱ्या संस्थेच्या उद्दिष्टाला बाध येणार नाही, आणि तरी कथा त्या उद्दिष्टाची चाकर होणार नाही, अशी तारेवरची कसरत ज्याला साधते त्यालाच या मार्गाने जाता येते.

या मार्गाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ‘देवराई’ (२००४). मूळचे खानदेशचे, पण कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक झालेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्किझोफ्रेनिया या मनोविकाराच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी पुण्यात एक संस्था उभारली होती. या विकाराविषयी समाजात जे अज्ञान आणि जी भीती आहे ती दूर करण्यासाठी चित्रपट हवा, म्हणून त्या संस्थेने आणि धुळ्याच्या वाणी स्मृती विश्वस्तनिधीने पदरचे पैसे घातले. आता दुसरा कोणी असता तर त्याने रुग्णालय, डॉक्टर, गोळ्या आणि शेवटी हसतमुख कुटुंब असा बोधपट उभा केला असता. सुमित्राबाईंनी कोकणातल्या एका देवराईचा ध्यास घेतलेला शेष नावाचा बुद्धिमान माणूस निर्माण केला. त्या राईच्या गूढ, गर्द, तुटत चाललेल्या रूपात आणि त्याच्या मनाच्या गुंत्यात एक समांतर रेषा ओढली. आणि अतुल कुलकर्णी या नटाने तो माणूस असा उभा केला, की प्रेक्षकाला त्याची कीव न येता त्याच्या बहिणीची दमणूक कळावी. पुरस्कार देणाऱ्या दिल्लीच्या मंडळींनी या चित्रपटाला गौरवले ते पर्यावरण-संरक्षणावरील सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून! मनोविकाराच्या खात्यावर खर्ची पडलेली रक्कम अशा रीतीने वनखात्याच्या नावे जमा झाली. यात परीक्षकांची कसूर काढावी असे आम्हांस वाटत नाही. राई खरोखरच त्या चित्रपटाचे दुसरे प्रमुख पात्र आहे.

‘नितळ’ (२००६) हा कोडाविषयीचा चित्रपटही याच वाटेचा. पुण्यातील श्वेता असोसिएशन ही कोड असलेल्या माणसांची संघटना त्याच्यामागे होती. कोडाला देहाची इजा नाही. जी काही इजा आहे ती बघणाऱ्याच्या नजरेची, आणि ती मध्यमवर्गीय सुसंस्कृत दिवाणखान्यात किती सफाईने केली जाते हे त्यात दिसते.

परंतु विषयाच्या या पंगतीत ज्याला आम्ही मानाचे पान देऊ तो ‘वास्तुपुरुष’ (२००२) कोणत्याही संघटनेच्या मागणीवरून निघालेला नाही. कुळकायदा आला, वतने गेली, कसेल त्याची जमीन झाली. आणि ज्यांच्या वाड्यांचे दिंडीदरवाजे पिढ्यान्‌पिढ्या कुळांच्या घामावर तेल पीत होते, ती घराणी एकाएकी भिंतींना टेकून बसली. या स्थित्यंतरावर मराठीत अश्रू पुष्कळ गाळले गेले आहेत आणि टाळ्याही पुष्कळ वाजल्या आहेत. सुमित्राबाईंनी दोन्ही टाळले. त्यांच्या चित्रपटातील देशपांड्यांच्या पडक्या वाड्यात कोणी गुप्तधनाच्या आशेने जमीन खणतो आहे, कोणी जुन्या गांधीवादाचे अवशेष उराशी धरून आहे, आणि उत्तरा बावकर यांनी रंगवलेली आई मात्र आपल्या मुलाने डॉक्टर व्हावे आणि गोरगरिबांची सेवा करून या घराण्याने केलेल्या अन्यायाची परतफेड करावी, म्हणजे वास्तुपुरुषाचा कोप शांत होईल, या एका हट्टाने उभी आहे. अंधश्रद्धेच्या भाषेत बोलणारी ही बाई विचाराने त्या वाड्यातल्या साऱ्या पुरुषांच्या पुढे गेलेली आहे. त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार ‘वास्तुपुरुष’ला मिळाला.

त्याच वर्षीच्या ‘दहावी फ’मध्ये शाळेच्या शेवटच्या तुकडीतली ‘वाया गेलेली’ मुले रागाच्या भरात शाळेचे नुकसान करतात, आणि एका शिक्षकाच्या सोबतीने स्वतः राबून त्याची भरपाई करतात. ज्या पुण्यात मुलाची तुकडी ‘अ’ की ‘ब’ यावर घरची प्रतिष्ठा ठरते त्या पुण्याने हा चित्रपट पाहिला, आपल्या मुलांना दाखवला, आणि तुकड्या होत्या तशाच ठेवल्या.

पुढे ‘एक कप च्या’मध्ये एसटीच्या एका कंडक्टरला आलेले विजेचे अवाच्या सवा बिल आणि त्याने माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने दिलेली झुंज आली. २००५ च्या त्या कायद्याने कारकुनाच्या कपाटाची किल्ली रयतेच्या हाती दिली, याचे महत्त्व किशोर कदम यांच्या त्या साध्या कंडक्टरकडे पाहून जितके पटते तितके अग्रलेखांनी पटत नाही. ‘संहिता’ने संगीतासाठी दोन राष्ट्रीय पुरस्कार आणले, एक संगीतकार शैलेंद्र बर्वे यांना आणि एक गायिका आरती अंकलीकर-टिकेकर यांना. काही चित्रपट मात्र उतरले नाहीत, हेही येथे नमूद केले पाहिजे. जेथे विषय कथेच्या पुढे धावतो तेथे बाईंची पात्रे जरा अधिक समंजस होतात, समुपदेशकासारखी बोलू लागतात, आणि त्यांच्यातला दुष्टावा बाईंनी आधीच समजून घेऊन माफ केलेला असतो. वस्तीतल्या बायकांचे ऐकण्यात ज्यांची उमेद गेली त्यांना कोणालाही सरळ दोषी ठरवणे जमत नसावे. हा गुण माणूस म्हणून थोर आहे. नाट्याला तो नेहमी मानवतोच असे नाही.

‘अस्तु’मध्ये हा दोष औषधालाही नाही. संस्कृतचे गाढे पंडित चक्रपाणी शास्त्री यांची स्मृती झडत चालली आहे. पुण्याने असे पंडित पुष्कळ पाहिले. भांडारकर संस्थेच्या आणि डेक्कन कॉलेजच्या छायेत वावरलेल्या कोणाही पुणेकराला हा चेहरा ओळखीचा वाटेल. ज्याची सारी संपत्ती म्हणजे पाठ केलेले आणि मनन केलेले, त्याचीच तिजोरी आतून रिकामी होते आहे. मुलगी त्यांना क्षणभर मोटारीत बसवून दुकानात जाते, रस्त्याने हत्ती जातो, आणि हा वृद्ध लहान मुलाच्या कुतूहलाने त्याच्यामागे चालू लागतो. अखेर माहुताची कानडी बोलणारी बायको त्याला पोटच्या पोरासारखा भरवते आणि तो तिला आई म्हणतो. शास्त्रीबुवांचे काम करणारे डॉ. मोहन आगाशे ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकातले नाना फडणवीस म्हणून जगाला ठाऊक असले, तरी व्यवसायाने मनोविकारतज्ज्ञ, आयुष्यभर ज्या आजारांकडे खुर्चीच्या एका बाजूने पाहिले त्यांतल्या एकाकडे ते येथे दुसऱ्या बाजूने पाहत होते. अमृता सुभाष यांना माहुताच्या बायकोच्या भूमिकेसाठी आणि सुमित्राबाईंना संवादलेखनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आणि तरी चित्रपटगृहात ‘अस्तु’ यायला २०१६ साल उजाडले. वितरकाला पंडित नको होता, हत्तीही नको होता. शेवटी आगाशे यांनी लोकवर्गणी जमवून तो प्रदर्शित केला, आणि गावोगाव नेऊन, खेळ झाल्यावर प्रेक्षकांसमोर उभे राहून स्मृतिभ्रंशाविषयी बोलण्याचा परिपाठ ठेवला. कीर्तनकार जसा पूर्वरंग-उत्तररंग मांडतो, तसा हा प्रकार. १९८५ साली वस्तीतल्या बायकांपुढे पडदा लावण्याच्या कल्पनेतून जे काम सुरू झाले होते, ते तीस वर्षांनी पुन्हा त्याच पद्धतीवर येऊन ठेपले, यात बाजाराची नामुष्की असेल. बाईंना ते परके मुळीच नव्हते.

‘कासव’ची निर्मिती सुमित्राबाई, सुनील आणि आगाशे या तिघांनी मिळून केली. नैराश्यातून स्वतः बाहेर पडलेली जानकी, म्हणजे इरावती हर्षे, कोकणच्या किनाऱ्यावर कासवांच्या अंड्यांचे संरक्षण करणाऱ्या वृद्धाच्या मदतीला आलेली असते. वाटेत तिला तापाने फणफणलेला, जगण्यावर रुसलेला एक तरुण सापडतो, आणि ती त्याला नाव-गाव न विचारता घरी आणते. मादी कासव किनाऱ्यावर अंडी घालून समुद्रात निघून जाते. पिलांनी आपापली वाट आपण काढायची. त्या तरुणाभोवतीची माणसेही तशीच वागतात. जवळ राहतात पण चौकशी करत नाहीत. चित्रपटात घडते फार थोडे. एप्रिल २०१७ मध्ये चौसष्टाव्या राष्ट्रीय पुरस्कारांची घोषणा झाली आणि ‘कासव’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. १९५३ च्या ‘श्यामची आई’ने राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवल्यानंतर ‘श्वास’ येईपर्यंत मराठीला पन्नास वर्षे वाट पाहावी लागली होती. ‘श्वास’मागून ‘देऊळ’ आणि ‘कोर्ट’ आले, आणि ‘कासव’ हा या मानाचा पाचवा मराठी चित्रपट ठरला. तेव्हा बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. त्यांच्याबरोबर वाढलेल्या तरुण नट-नट्यांच्या तोंडी त्यांचे नाव तोवर ‘सुमित्रा मावशी’ असे रूढ होऊन गेले होते.

शेवटचा चित्रपट ‘दिठी’. दि. बा. मोकाशी यांच्या कथेवरून तो केला. पुण्यात रेडिओदुरुस्तीचा धंदा करीत ज्यांनी मराठीतल्या काही अत्यंत नितळ कथा लिहिल्या त्या मोकाश्यांची कथा, एकेकाळी रेडिओवरून बातम्या सांगणाऱ्या बाईंनी निवडावी, हा योगायोग आम्हांस उगाच गोड वाटतो. तीस वर्षे वारी केलेल्या रामजी लोहाराचा तरुण मुलगा पुरात वाहून गेला आहे. सुनेला मुलगी झाली आहे, आणि म्हाताऱ्याचा विठ्ठलावर, घरावर, साऱ्या जगावर राग आहे. बाहेर पाऊस कोसळतो आहे, घरात गावकरी पोथी वाचीत बसले आहेत, आणि गावातली एक गाय अडली आहे. तिला सोडवण्याचे कसब एकट्या रामजीच्या हातात आहे.

१९ एप्रिल २०२१ रोजी सुमित्राबाईंचे पुण्यात निधन झाले. साथीचे दिवस होते, चित्रपटगृहांना कुलपे होती. महिनाभराने, २१ मे रोजी, ‘दिठी’ इंटरनेटवरून घराघरांत दाखल झाला, आणि ज्यांच्या घरी त्या महिन्यात कोणी ना कोणी गेलेले होते अशा कित्येकांनी दारे लावून, हातातल्या फोनच्या वीतभर पडद्यावर, किशोर कदमांच्या रामजीला कंदिलाच्या उजेडात गोठ्यात वाकून वासरू ओढून काढताना पाहिले.